मी सरकारी विमान बोलतोय

मी एक विमान. लाकडाच्या बरगड्या, वर कापडाची कातडी, दोन जणांची बैठक. आता उडत नाही, म्हणून निवांत बोलतोय. ऐकायला आलात तर जपून बसा, खाली वाळवी आहे.

माझा जन्म विलायतेतला. मला पेट्यांत भरून बोटीने मुंबईला आणलं, तिथं जोडलं आणि सन चौतीसच्या थंडीत इथं रत्नागिरीच्या बाजूला, खाडीअलीकडच्या एका लहानशा संस्थानात उतरवलं. उतरायला जागा म्हणजे हा सडा. डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. गावकऱ्यांनी त्यावरचे दगड वेचून काढले होते.

माझ्या खर्चासाठी दर घरामागे नारळ वसूल केले होते. त्या कराला विमानपट्टी म्हणायचे. दवंडी पिटली होती, "हे विमान सरकारी आहे हो! अडल्यानडल्याच्या कामाला येईल हो!"

इथंच घोटाळा झाला बघा. खाडीपलीकडे रत्नागिरीत इंग्रजी अंमल. तिथं सरकारी दवाखाना, सरकारी रस्ता म्हणजे कुणीही जावं, कुणीही चालावं. लोकांना तोच अर्थ ठाऊक. पण आमच्या संस्थानात राजालाच 'सरकार' म्हणत. सरकारी म्हणजे सरकारांचं, त्यांच्या जोड्यासारखं आणि पानाच्या डब्यासारखं. हे लोकांना कुणी फोडून सांगितलं नाही. लोकांनीही विचारलं नाही.

माझी राखण आत्मारामकडे होती. साठीचा माणूस, हात खरखरीत, पण माझं कापड पुसायचा तेव्हा हलका व्हायचा. माझा नाकावरचा पंखा हातानं फिरवून द्यावा लागे, ते कामही त्याचंच. आमचे पायलट महिपतराव इंजिनाची कळ चालू करून आतून ओरडत, "कॉन्टॅक्ट!" आत्मारामला ते 'कंटाळा' ऐकू येई. तो उलट ओरडे, "नाय कंटाळलो, साहेब!" आणि पंखा फिरवी. महिपतराव रोज हसत.

त्याची बायको सोनूबाई त्याची भाकरी घेऊन वर येई. "त्या पाखराला रोज पुसता," ती म्हणे, "घरच्या म्हशीला कधी हात लावलात काय?"

"म्हस आपली एकट्याची गो," तो म्हणे. "हे सगळ्यांचं."

मी कुठं कुठं गेलो? सरकार शिकारीला गेले, मी गेलो. राणीसाहेबांच्या बहिणीकडं बारसं होतं, मी गेलो. एकदा नुसतं बर्फ आणायला गेलो. अडलानडला माणूस काही माझ्यात बसला नाही. आत्माराम मात्र म्हणायचा, "अजून कुणी अडला नाय, म्हणून. अडला की बघा."

मग शिमग्याच्या आधी त्याच्याच घरी अडलं.

त्याची नात जनी, सहा वर्षांची. तिला घटसर्प झाला. घशात पांढरा पडदा धरला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. "घटसर्पावरचं इंजेक्शन इथलं संपलं आहे. मुंबईहून आणा. आजच्या आगबोटीनं माणूस धाडलात तर परवा हातात पडेल. त्याहून उशीर नको."

सोनूबाईचा भाऊ सदू बोटीवर जायला निघालाच होता. आत्मारामनं त्याला धक्क्यावरून परत फिरवलं. "बोट कशाला? आपलं सरकारी विमान आजच मुंबईला जातंय. सांजच्याला बाटली घेऊन परत."

खरंच जात होतं. मुंबईला घोड्यांच्या शर्यती होत्या, सरकारांना पोचवायचं होतं. महिपतरावांनी चिठ्ठी खिशात घातली आणि म्हणाले, "काळजी करू नका, आत्मारामबुवा." त्या दिवशी त्यानं पंखा असा फिरवला की मी पहिल्या झटक्यात सुरू झालो.

जुहूला उतरल्यावर महिपतराव धावत जाऊन औषध घेऊन आले. भाताच्या तुसात बर्फ, बर्फात बाटली, असा डबा माझ्या मागच्या बैठकीखाली ठेवला. दुपार कलायची होती. पोचलो असतो.

सरकार आले ते पाहुण्यांना घेऊन. त्यांचा घोडा जिंकला होता. "महिपत, मंडळींना एकेक चक्कर मारून आण."

महिपतरावांनी हात जोडले. "सरकार, औषध पोचवून उद्या सकाळी हजर होतो. आत्मारामची नात आहे."

"कोण आत्माराम? तो पंखेवाला? भला माणूस. परत गेल्यावर त्याला शाल द्या."

सरकार वाईट नव्हते हो. त्यांना ऐकूच आलं नाही.

तीन दिवस मी समुद्रावर गिरक्या घेतल्या. बायका किंचाळत, हसत, रुमाल उडवत. आणि डबा माझ्या पोटात. मला पंख होते, चाकं होती, पोटात तेल होतं. नाक दक्षिणेला वळवायचं तेवढं माझ्या हाती नव्हतं. महिपतराव रोज बर्फ बदलत आणि माझ्याकडे बघायचं टाळत.

चौथ्या दिवशी सड्यावर उतरलो. आत्माराम आला, रिवाजाप्रमाणे पंख धरून मला थांबवलं. महिपतरावांनी डबा पुढं केला.

"काल जनीला मसणात पोचवली," आत्माराम म्हणाला. त्यानं डबा महिपतरावांकडे परत सरकवला. "दवाखान्यात द्या तो. कुणाच्या तरी पोराला लागेल."

आठवड्यानं कारभारी वर आले. सरकारांना पुन्हा निघायचं होतं. महिपतराव आत बसले, पण ओरडले नाहीत. आत्माराम पंख्यासमोर उभा राहिला आणि त्यानं हात मागं बांधले.

"फिरव," कारभारी म्हणाले.

"विमान सरकारांचं, कारभारीसाहेब. सरकारांनी फिरवावं."

कारभाऱ्यांनी सदूला हाक मारली. सदूनं हात मागं बांधले. दगड वेचलेल्या सगळ्यांनी बांधले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. महिपतरावांना एकट्यानं पंखा फिरवता आला असता, मला ठाऊक आहे. ते म्हणाले, "मला एकट्याला जमायचं नाही." महिन्याभरात ते नोकरी सोडून गेले. सरकारांनी मोटार घेतली.

त्याला चार वर्षं झाली. माझ्यावर नारळीच्या झापांचं छप्पर होतं, ते वाऱ्यानं नेलं. बैठकीत कुणाची तरी कोंबडी अंडी घालते. आत्माराम म्हैस घेऊन इथूनच जातो. म्हैस माझ्या पंखाला अंग घासते, तो तिला हाकलत नाही आणि माझ्याकडे बघतही नाही.

माझी चाकं अजून धड आहेत. ती काढा, गाडीला लावा. गावात कुणी आजारी पडलं तर खाडीवरच्या होडीपर्यंत न्यायला होतील, दगडाधोंड्यांतून हिसके कमी बसतील. गाडी कुणाची, ते मात्र आधीच ठरवून घ्या.

आणि हे चाकांचं एवढं आत्मारामला सांगाल? मी रोज सांगतो, पण माझं बोलणं त्याला ऐकू जात नाही.