हवामान न सांगणारा रेडिओ

मी एक जुना लाकडी रेडिओ आहे. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी, माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्या पोटातून आजवर किती माणसं बोलली याची गणती नाही, पण त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. त्यामुळे कशात फार गुंतायचं नाही, ही माझी पहिल्यापासूनची रीत. आलं ते ऐकवायचं आणि बटण फिरवलं की गप्प बसायचं.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. थोड्याच दिवसांत अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि घरगुती रेडिओ बनवणंच बंद झालं. म्हणजे मी शेंडेफळ, आणि शेंडेफळाचे होतात तसे माझे लाडही झाले. एका खेड्यातल्या शाळेनं मला घेतलं. सकाळी मुलं माझ्यासमोर बसून भूगोल ऐकत. लढाईच्या कामासाठी जुने डबे आणि रबर कुठे जमा करायचं तेही मीच सांगे. संध्याकाळी त्यांचे आईवडील बातम्यांना येत. ज्यांची मुलं लढाईवर होती त्यांचा बातम्या संपल्या तरी पाय निघत नसे. त्यांच्या मुलांची नावं मी कधी घेतली नाहीत, कारण मला ती कुणी सांगितलीच नव्हती.

लढाई संपली, घरोघर टेलिव्हिजन आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. गरज सरो, वैद्य मरो. मला वाईट वाटलं का? थोडंसं. पण लाकडाला वाळवी लागते तशी मनाला लागू द्यायची नसते.

बऱ्याच वर्षांनी एका गराज सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी दारात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, श्रीरामकाकांनी मला उचललं. हे तरुणपणी नागपूरहून आलेले इंजिनिअर, आता निवृत्त. मला गाडीत पाहून सरलाकाकू म्हणाल्या, "अहो, घरात एक न बोलणारा आहे तेवढा पुरे नव्हता का?"

टोमणा वर्मी लागला. काकांचा नातू मिहीर कॉलेज अर्धवट सोडून अमेरिकेच्या नौदलात भरती झाला होता. "आपल्या सात पिढ्यांत कुणी बंदुकीला हात लावला नाही," काका म्हणाले होते. "त्याला माझं ऐकायचं नाही ना? मग माझं बोलणं संपलं." मिहीर आता एका जहाजावर होता. कुठल्या समुद्रात, ते घरच्यांनाही सांगायची सोय नव्हती. जमेल तेव्हा रविवारी सकाळी तो आजीला फोन करायचा. फोन वाजला की काका उठायचे, "खाली जरा काम आहे" म्हणायचे आणि माझ्याकडे यायचे.

काम म्हणजे मी. एका रविवारी माझे कॅपॅसिटर बदलले, पुढे कधीतरी व्हॉल्व्ह, मग स्पीकरचा फाटका कागद. आजोबा-नातवाचं वैर माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं. असाच एकदा फोन चालू असताना मी पुन्हा बोलायला लागलो.

मिहीरची धाकटी बहीण केया रविवारी दुपारी मराठी शाळेत जाते. तिथल्या मृणालिनीमावशींनी ठरवलं, यंदा संमेलनात नाटक नको, युद्धकाळातल्या रेडिओचा एक दिवस करू. मुलं वर्गातून बोलणार, काकांचा छोटा ट्रान्समीटर ते हवेत सोडणार आणि हॉलमध्ये पालकांसमोर मी ते ऐकवणार. मावशींनी मुलांना त्या काळचे नियमही सांगितले.

"कागदावर असेल तेवढंच वाचायचं. आयत्या वेळचं काही नाही. कुणाला पर्सनल निरोप नाही. आणि वेदर तर मुळीच सांगायचं नाही, शत्रूला त्याचा उपयोग होतो."

"नॉट इव्हन स्नो?" केयानं विचारलं.

"स्नो तर अजिबात नाही."

आणि त्या दिवशी नेमका सकाळपासून बर्फ कोसळत होता. पालक बूट झटकत आत आले. मी तापलो, माझ्या काचेमागचा दिवा उजळला आणि कार्यक्रम सुरू झाला. आर्यनं भूगोलाचा धडा वाचला. रुहीनं साखर कमी घालून केक कसा करायचा ते सांगितलं. साहसकथेत तर मुलांनी बेकिंगचा ट्रे हलवून असा गडगडाट काढला की मागून कुणाचे तरी बाबा ओरडले, "सही रे!" मी आपला सगळं तसंच्या तसं ऐकवत होतो.

शेवटी संध्याकाळच्या बातम्या. वाचणार होते श्रीरामकाका, कारण आवाज त्यांचा भारदस्त. बातमीपत्र केयानं लिहिलं होतं. काका वाचू लागले, "आपली जहाजं समुद्रात आहेत. ती कुठे आहेत हे आम्ही सांगू शकत नाही. त्यांच्यावर असलेल्या सगळ्यांची घरी आठवण..."

तिथे ते अडले. हॉलमध्ये फक्त माझी गुणगुण ऐकू येत होती.

"मशीन बंद पडलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"मशीन नाही बंद पडलं," सरलाकाकू म्हणाल्या.

मग माझ्यातून पुन्हा आवाज आला, पण तो बातम्यांचा नव्हता. "मिहीर, आजोबा बोलतोय. इथं सकाळपासून बर्फ पडतोय. दारापुढचा ड्राइव्हवे मीच साफ केला. तू असतास तर मला करू दिला नसतास."

"आजोबा! दॅट्स नॉट ऑन द पेपर! अँड नो वेदर!" मागून केया.

"असू दे गं, थांब जरा. मिहीर, तू फोन करतोस तेव्हा मी खाली असतो. हातात सोल्डरिंग असतं, पण कान वर असतात. मला तुझा फार राग आला होता रे. आता राग नाही राहिला. आता नुसती भीती वाटते."

आवाजात खरखर होती. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, पण ती खरखर माझी नव्हती.

ट्रान्समीटरचा आवाका पार्किंग लॉटपर्यंत. मिहीर कुठल्या कुठे. सरलाकाकू तडक उठून वर्गात गेल्या. माईक चालूच होता, त्यामुळे त्याही माझ्यातून बोलल्या. "अहो, मला हे आधीच माहीत होतं. आता सगळ्या शाळेलाही कळलं. त्याला कधी सांगणार?"

मला घरी आणल्यावर गुणगुण कमी करायची म्हणून काकांनी माझी मागची फळी काढली. पुढच्या रविवारी मात्र ते खाली आलेच नाहीत. वर फोनही वाजला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. वर काकांच्या येरझारा ऐकू येत होत्या. खिडकी, टेबल, पुन्हा खिडकी. टीव्हीवर बातम्या लागत आणि लगेच बंद होत. काकू एकदा म्हणाल्या, "जहाजावर फोन बंद ठेवतात कधीकधी. याआधीही झालंय. तुम्हाला कसं माहीत असणार, तुम्ही खाली असायचात." काकांची पावलं पुन्हा खिडकीकडे गेली. कशात न गुंतणारा मी, पण तेव्हा मात्र तो फोन वाजावा असं मला फार वाटत होतं.

आणि एके दिवशी तो वाजला. रविवार नव्हता. लांबचा फोन आला की ओरडून बोलायची काकांच्या पिढीला सवयच आहे, त्यामुळे बेसमेंटपर्यंत शब्दन् शब्द ऐकू आला.

"हॅलो! हॅलो, मिहीर! अरे, जेवलास का?"

तिकडून मिहीरनं आजीला फोन द्यायला सांगितलं असावं.

"आजीला देतो, नंतर देतो. आधी माझ्याशी बोल."

तो फोन बराच वेळ चालला. मित्रांनो, माझी मागची फळी अजून लावायची आहे आणि आत धूळ जाते आहे. जुन्या वस्तू जपाव्यात हे खरंच, पण माझी फळी थांबू शकते. तुमच्या घरी रुसून लांब गेलेल्या कुणाचा फोन वाजला, तर तेवढं खोलीतून उठून जाऊ नका.