बाबांच्या खुर्चीतला हुंकार

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण आमच्या दिवंगत बाबांच्या खुर्चीत बसायचा, त्यांच्या आवडीचं गाणं लागायचं आणि बसणाऱ्याच्या छातीत हुंकार घुमायचा. दोन पावलं पुढे आलं की हुंकार गायब! शेजारच्या काकू डोळे पुसतच उठल्या.

"जीव सूक्ष्म कंपनात वस्ती करतो," सांत्वनाला म्हणून आलेले महाराज डोळे मिटून म्हणाले. "बाईंचे यजमान त्यांना बोलावताहेत. मध्ये औषधांचा अडसर नको. आणि खुर्ची हलवू नका."

आईने हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पाय सुजले होते, बोलतानाही धाप लागत होती. डॉक्टर ओरडून थकले. मला महाराजांचा संताप येत होता.

शेवटी ताईला बोलावलं. घरोघरी स्पीकरचा आवाज मोजून सुधारणं हेच तिचं काम. तिने खुर्चीपाशी मायक्रोफोन उभा केला आणि स्पीकरवर गाण्याऐवजी, त्यातल्यासारखाच नुसता यंत्राचा खर्ज सूर लावला. लॅपटॉपवरची आवाजाचा जोर दाखवणारी रेषा एकदम उंच उठली.

"आई, बस. गाणं नाहीये हं."

आई बसली. हुंकार घुमलाच. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आत्म्याला गाणं कशाला हवं?" महाराज हसले.

"खुर्ची तरी हवी ना?" ताईने आईला उठवलं, खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि आईला पुन्हा तीत बसवलं. भिंतीशी एक स्टूल ठेवलं. "तुम्ही इथे बसा, महाराज."

सगळे बघत होते, बसावंच लागलं. खुर्ची गप्प झाली. हुंकार महाराजांच्या छातीत घुमला आणि त्यांचा चेहरा उतरला.

भेटायला येणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून आम्हीच स्पीकर कोपऱ्यात सारला होता, आणि सुरुवातीला बाबांच्या जागी कुणी बसू नये म्हणून खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली होती. कोपऱ्यामुळे खर्जाला जोर चढतो. आवाजाची लाट भिंतीवरून परतून येणाऱ्या लाटेत मिसळते. भिंतीशी दोघींचं बळ एक होतं, मधोमध त्या एकमेकींना पुसतात. ताईने स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढला आणि त्या सुराचा जोर कमी केला. मग भिंतीशीही काही घुमेना.

"म्हणजे ते नाहीत?" आईने विचारलं.

"नाहीत गं, आई." ताईने तिला जवळ घेतलं.

बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदा मोठ्याने रडली. महाराज कधी सटकले, कळलंच नाही. रडून झाल्यावर आईने स्वतःच पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

ऐकू आलेला आवाज खरा असतो. कुणी सांगितलेला त्याचा अर्थ मात्र तपासून घ्या. आणि तपास होईपर्यंत औषध बंद करू नका.