आप्पांच्या नव्वद पायऱ्या

लिफ्टताईच्या घरात नुसतं ‘पक्ष’ म्हटलं की पुरे व्हायचं. कुठला पक्ष, असं विचारणारं माणूस त्या घरात जन्मलंच नव्हतं. म्हणजे जन्मलं होतं, पण त्याला तोंड उघडायला पस्तिशी उलटावी लागली.

लिफ्टताई गृहनिर्माण मंडळात लिफ्टची मेकॅनिक होती. वसाहतीत पाच-पाच मजल्यांच्या सहा इमारती होत्या आणि त्यांच्या सहाही लिफ्ट तिच्याकडे होत्या. ती राहायलाही तिथेच, तीन नंबरला. तीन नंबर म्हणजे तिच्या गोतावळ्याची उतरंडच होती. पाचव्या मजल्यावर वडील, ज्यांना सगळी वसाहत आप्पा म्हणे. चौथ्यावर थोरला भाऊ, दादा, आणि वहिनी. तिसऱ्यावर शाळेतून निवृत्त झालेले काका, दुसऱ्यावर शिवणकाम करणारी आत्या आणि पहिल्यावर ती, एकटी.

आप्पा चाळीस वर्षं पक्षाचे कार्यकर्ते. दादा पक्षाचा वसाहतीतला चिटणीस, शिवाय रहिवासी समितीचा अध्यक्ष. ती स्वतः आठव्या वर्षी पत्रकं वाटत दारोदार फिरली होती. तिचं मत पालटलं ते कुणाच्या भाषणानं नाही. बिघाडाची नोंद घ्यायला गेली की लोक तिला लिफ्टचं सांगता सांगता सगळं सांगायचे: गळणारं छत, बंद पडलेला दवाखाना, तीन अर्जांना न आलेलं उत्तर. ती ते वर कळवायची आणि वरून ‘योग्य ती कार्यवाही होईल’ असा कागद यायचा. असे कागद साठत गेले. गेल्या निवडणुकीत तिनं दुसरीकडे मत दिलं, आणि रविवारच्या जेवणात दादानं सहज विचारलं तेव्हा सांगूनही टाकलं.

 वहिनीनं वाटी सरकवली. मग आप्पा म्हणाले, “दिवसभर त्या बंद पेटीत काम करायचं, डोक्याला वारा नाही. होतं असं कधी कधी.”

ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. वर्षभरात मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. नगरपालिकेनं, म्हणजे पक्षानंच, ठराव केला की पाच मजल्यांपर्यंतच्या इमारतींतल्या लिफ्ट कायमच्या बंद. जुन्या झाल्यात, सुटे भाग मिळत नाहीत. सोबतच्या अहवालात लिहिलं होतं, ‘ज्येष्ठ नागरिकास पाचव्या मजल्यावर पोचण्यास सरासरी तीन मिनिटे लागतात. जिना चढणे आरोग्यास हितकारक आहे.’

कुलपं लावायचं काम अर्थातच तिच्याकडे आलं. सहा दरवाजे, सहा कुलपं. तीन नंबरला कुलूप लावताना पाचव्यावरून आप्पांचा आवाज आला, “नीट लाव गं! पक्षाचा ठराव आहे!”

तिनं नीट लावलं. मग घरी जाऊन नियमांचं पुस्तक काढलं. वसाहतीतल्या निम्म्या घरांनी पंधरा दिवसांत सह्या केल्या तर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, असा एक नियम कोपऱ्यात पडून होता. दोनशे चाळीस घरं, म्हणजे एकशेवीस सह्या. तिनं अर्ज लिहिला आणि कामावरून सुटल्यावर दारं वाजवायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी मंडळातल्या साहेबांनी बोलावलं. “तू मंडळाची नोकर आहेस, विसरू नकोस.”

“नोकर आठ तास आहे, साहेब. राहते चोवीस तास.”

साहेब बोटानं टेबल वाजवत राहिले. ती टकटक ऐकत ती बाहेर पडली आणि त्याच संध्याकाळी चार नंबरची इमारत पुरी केली.

लोक घाबरत होते. सही केली तर उद्या नळ दुरुस्त करायला कुणी येणार नाही, असं त्यांना वाटे. कुणी दार लोटलं, कुणी उद्या ये म्हटलं. उद्या म्हटलं की ती उद्या जायचीच. बाराव्या दिवशी, तिची स्वतःची धरून, एकशेनऊ सह्या झाल्या आणि पाच इमारती संपल्या. उरली तीन नंबर. तिथे दादाचा शब्द चालायचा, आणि दादानं पक्षाला शब्द दिला होता की तिथून एकही सही जाणार नाही.

तो तिला जिन्यातच भेटला.

“पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला लिफ्टचं काय एवढं पडलंय?”

“आप्पा पाचव्यावर राहतात.”

“आप्पांनी तक्रार केलीय?” दादाचा आवाज चढला, मग त्यानंच खाली आणला. “हे बघ, ही घरं कुणी दिली? पत्र्याच्या खोलीत आपण चौघं झोपायचो, तू माझ्या पायाशी. आठवतं ना? ते पक्षानं बदललं. कुठल्या तिसऱ्यानं नाही.”

“आठवतं,” ती म्हणाली. “त्यात खोटं काही नाही. पण घर दिलं म्हणून जन्मभर मान हलवत राहायचं, असं घराच्या कागदावर लिहिलेलं नाही, दादा. मी वाचलाय तो.”

दादा वर गेला. ती काकांकडे गेली.

काकांनी चष्मा लावला, अर्ज वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि सात ठिकाणी खुणा केल्या. “‘विनंती’तली दुसरी वेलांटी पहिली झालीय. ‘नागरिक’ तर तू आयुष्यभर चुकत आलीस. असल्या कागदावर मी सही करणार नाही.”

ती खाली आली, अर्ज पुन्हा स्वच्छ लिहिला आणि अर्ध्या तासात परत वर गेली. काकांनी पुन्हा वाचला. खुणा करायला जागाच सापडेना. पेन हातात फिरवत ते म्हणाले, “राजकारणाशी माझा संबंध नाही. पण मजकूर शुद्ध आहे.” आणि ठसठशीत सही केली.

चौथ्यावर वहिनीनं दार अर्धवट उघडलं. दादा तोवर बाहेर गेला होता. तिच्या एका हातात भाजीची पिशवी होती, नुकतीच वर आणलेली, आणि श्वास अजून जागेवर आला नव्हता.

“ताई, तुमचं खरं आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण मी सही नाही करणार. तुम्हाला पहिल्या मजल्यावर राहायचंय. मला याच घरात राहायचंय.”

 लिफ्टताईकडे समजूत घालायची तर वेळही होता आणि शब्दही होते. तिनं ते वापरले नाहीत. “बरं,” म्हणाली, आणि पिशवी स्वयंपाकघरात ठेवून बाहेर पडली.

पाचव्यावर जायची वेळच आली नाही. आप्पा जिन्यातच होते, चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या वळणावर. कठड्याला धरून उभे होते, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. लिफ्ट बंद झाल्यापासून ते रोज दोनदा खाली उतरत आणि दोनदा वर चढत. काही काम नसलं तरी. गुडघे सुजले होते. वसाहतीनं बघावं की चढणं जमतं, यासाठी सगळा खटाटोप.

“हात देऊ?”

“हात नको. कागद पण नको,” आप्पा म्हणाले. “नव्वद पायऱ्या आहेत. रोज मोजतो. पक्षानं ठरवलं म्हणजे काहीतरी विचार करूनच ठरवलं असणार.”

“आणि केला नसेल तर?”

“तर मी चढून दाखवीन, म्हणजे केला होता असं होईल.”

 ती वळणावर उभी राहिली. ते पुढच्या पायरीवर पाय ठेवून थांबले, मग त्याच्या पुढच्या. वसाहतीतले लोक तिला म्हणत की तू अगदी बापावर गेलीस. तिला त्याचा राग यायचा. त्या दिवशी आला नाही.

आत्याकडे जाताना तिला फारशी आशा नव्हती. आत्या पक्षाच्या झेंड्यांना शिलाई मारून देणारी बाई. तिच्या खोलीत चार मशीन होत्या, इमारतीतल्या बायका आळीपाळीनं येऊन बसत. आत्यानं मशीन न थांबवता विचारलं, “मत मागतेस की सही?”

“सही.”

“मग दे इकडं. मत पक्षाचं, मरेपर्यंत. सही माझी. दोन्हींत गल्लत करणारी माणसं मला आवडत नाहीत.” तिनं सही केली आणि मागे वळून ओरडली, “ए, बघताय काय? कापडाचे गठ्ठे पाठीवरून कोण आणतं? तुमचे नवरे की चिटणीस?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक उठली. तिच्यामागून दुसरी. दोघींनी मान हलवून नाही म्हटलं, बाकीच्यांनी केल्या. आत्याशिवाय आणखी दहा घरांच्या सह्या निघाल्या. एकशेएकवीस. ती तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि आत्याच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली.

सुनावणी नगरपालिकेच्या शाळेतल्या सभागृहात झाली. पुढच्या रांगेत दादा, त्याच्या शेजारी पक्षाचे लोक, आणि मध्ये आप्पा, इस्त्रीचा सदरा घालून. ठरावाच्या बाजूनं बोलायला पक्षानं त्यांनाच उभं केलं होतं. पाचव्या मजल्यावरचा म्हातारा, शिवाय अर्जदार बाईचा सख्खा बाप! याहून पक्का साक्षीदार कुठला मिळणार?

आप्पा छान बोलले. पत्र्याच्या खोल्या, गळती, पहिल्या रात्री नव्या घरात दिवा लागला तो क्षण. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.  शेवटी ते म्हणाले, “लिफ्ट नसली तरी चालतं. मी रोज चढतो.”

सभापतींनी तिला विचारलं, “अर्जदाराला काही प्रश्न?”

ती उभी राहिली. हातातला कागद तिनं बाकावर ठेवून दिला. काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं, आणि उत्तर काय येईल तेही. म्हणूनच तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. ज्या गुणासाठी तिनं या माणसाला जन्मभर मानलं होतं, नेमका तोच आज ती कामाला लावणार होती. पण सह्यांसाठी फिरताना भेटलेली चार नंबरची दम्याची बाई तिला दिसत होती, आणि सहा नंबरचा, महिनाभर खाली न उतरलेला घड्याळदुरुस्तीवालाही.

“आप्पा, काल संध्याकाळी वर पोचायला तुम्हाला किती वेळ लागला?”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, हे तिलाही कळलं.

“चौदा मिनिटं.”

“परवा?”

“सोळा. चौथ्यावर बसावं लागलं.”

दादा घाईघाईनं उठला. “परवा त्यांना बरं वाटत नव्हतं.”

“छान वाटत होतं,” आप्पा म्हणाले. “खाली बस. मी पक्षाच्या बाजूनं बोलायला आलोय, खोटं बोलायला नाही. दोन्ही एकच आहे असं तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.”

सभागृहात कुजबुज झाली. सभापतींनी अहवाल उलटसुलट केला. “यात तीन मिनिटं लिहिलंय. कुणी मोजली?”

“ती सरासरी आहे,” नगरपालिकेचा अधिकारी म्हणाला.

“कुणाकुणाची?”

अधिकाऱ्यानं फाइल उघडली, पानं चाळली आणि पुन्हा मिटली. मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं, मग सगळ्या सभागृहालाच हसू आवरेना.

परत येताना बाप-लेक एकत्र जिना चढले. तिसरा मजला आला.

“अडकवलंस मला,” आप्पा म्हणाले.

“हो.”

“प्रश्न बरोबर होता.” ते दम घेत थांबले. “मत मात्र पक्षालाच.”

“मी कुठे मागितलंय?”

दीड महिन्यानं निकाल आला. सहापैकी चार लिफ्ट दुरुस्त करायच्या. पाच आणि सहा नंबरच्या मोटारी पार झिजल्यात, त्यांचं पुढच्या वर्षी बघू. सुटे भाग मिळत नव्हते म्हणे, ते आठवड्यात मिळाले. तीन नंबरचं कुलूप तिनं स्वतःच्या हातानं काढलं, आणि दुसऱ्याच सकाळी दारावर दादानं लावलेला फलक होता: ‘पक्षाच्या अथक प्रयत्नांमुळे लिफ्टसेवा पुन्हा सुरू.’ तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फलक फाडायला तिनं हात उचललाही. तेवढ्यात आप्पा खाली उतरले, लिफ्टनं, आणि फलक वाचून समाधानानं मान डोलावत म्हणाले, “बघ. पक्षाला कळतं शेवटी.” पुढे औषधांच्या दुकानाच्या रस्त्याला लागले, गुडघ्याचं औषध आणायला.

तिनं हात खाली घेतला. फलकानं लिफ्ट काही थांबत नव्हती. पाच आणि सहा नंबरच्या मात्र थांबलेल्या होत्या. त्याच संध्याकाळी तिनं नवा अर्ज लिहिला, काकांकडून वेलांट्या तपासून घेतल्या, आणि आणखी एक गोष्ट ठरवली. ती तिनं रविवारच्या जेवणात सांगितली. तिथे ती अजूनही जात होती आणि तिचं ताट अजूनही मांडलं जात होतं.

“रहिवासी समितीच्या निवडणुकीला मी उभी राहतेय. अध्यक्षपदासाठी.”

दादाचा घास हातातच राहिला. बारा वर्षं तो बिनविरोध निवडून येत होता. “माझ्याविरुद्ध?”

“पाच आणि सहा नंबरसाठी. मध्ये तू आहेस, त्याला मी काय करू?”

आत्या खोकल्यासारखं हसली. वहिनीनं खाली बघूनच सगळ्यांना वाढलं. लिफ्टताईला वाढताना मात्र तिचा हात क्षणभर रेंगाळला.

“पडशील,” आप्पा म्हणाले.

“पडेन. मग त्याच्या पुढच्या वेळी उभी राहीन.”

“मी तुझ्याविरुद्ध प्रचार करणार. सहाही इमारती, घरोघर, पाचव्या मजल्यापर्यंत. सांगून ठेवतो.”

“करा की,” ती म्हणाली. “पण पाच-सहा नंबरला जिने चढायच्या आधी दोन-तीन महिने थांबा. तेवढ्यात सह्या पुऱ्या करून तिथल्या लिफ्ट सुरू करून घेते.”

आप्पांनी तिच्या ताटाकडे पाहिलं. मग वहिनीला म्हणाले, “हिला अजून एक पोळी दे. हिला आता पुष्कळ फिरायचंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती समितीच्या कचेरीत गेली आणि उमेदवारीचा अर्ज मागितला. कारकुनानं कपाट धुंडाळलं. बारा वर्षांत दुसरा अर्ज कुणी मागितलाच नव्हता. अखेर एक पिवळा पडलेला कागद सापडला. तिनं तो तिथेच, उभ्या उभ्या, भरायला घेतला.