मयत झोपेत आहे

नखाखालून निघालेला भुगा तपकिरी होता. पुंजाजींनी तो बोटाच्या टोकावर धरून चष्म्याजवळ आणला, मग चष्मा कपाळावर सारून पुन्हा पाहिला — म्हातारपणी डोळ्याच्या निकालावर अपील करायची तेवढीच सोय असते — पण अपील फेटाळलं गेलं. हिरवं काही नव्हतं. रोपाची काडी वीतभर उंच, पेन्सिलीहून बारीक, दगडाच्या फटीत मे महिन्याच्या एकतीस तारखेच्या उन्हात उभी. साल खरवडावी, हिरवी निघाली तर जिवंत, तपकिरी निघाली तर मृत, हा नियम त्यांनी वनखात्यातल्या नोकरीभर मजुरांना शिकवला होता, आणि नियम शिकवणाऱ्याला एक सवलत असते, त्याला स्वतःला त्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

"काय म्हणता बाबा? हेही गेलं?"

मंजुश्री चार पावलांवर उकिडवी बसली होती, खाकी शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटलेला. वनरक्षक म्हणून तिचं पहिलंच वर्ष, आणि ज्या डोंगरात बापाची सगळी नोकरी सरली तोच तिच्या वाट्याला आलेला. ह्या वरच्या बरडीवर, खडकाळ माळावर, चार वर्षांपूर्वी चराई बंद झाली आणि अंजनाच्या झाडांचं बी आपोआप रुजलं, कुणी न लावता, कुणाचा फोटो न काढता, हजारोंनी. आता आखलेल्या चौकोनांतल्या काड्या जिवंत की मृत ते आज संध्याकाळपर्यंत मोबाइलमध्ये भरायचं होतं. प्रत्येक काडीपुढे दोन गोल — जिवंत, मृत. मृत निम्म्याहून जास्त भरले, की पुढच्या आठवड्यात खड्डे खणायला जेसीबी वर चढणार आणि ही बरड उकरून तिथं नर्सरीतली रोपं लागणार. "तुमची नजर पाहिजे बाबा," म्हणून तिनं सकाळीच वरवट बकालहून त्यांना मोटारसायकलवर बसवून आणलं होतं.

"थांब जरा व," ते म्हणाले. "मेलेल्याले कुठं घाई असते."

ती हसली. लेक हसली की त्यांना एरवी आपण अजून नोकरीत असल्यासारखं वाटायचं. आज मात्र ते हसू कानावर पडलं आणि त्यांनी मान वर करून पलीकडे पाहिलं... हसूच तर होतं तेव्हाही.

समोर, ओढ्यापलीकडे, खालची बरड दिसत होती. गिरिपुष्पाच्या रांगा, फूटपट्टीनं ओढलेल्या, सगळी झाडं एका वयाची, एका उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. तिथं पाखरू बसलेलं त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. पाहायला ते तिकडे गेलेही नव्हते म्हणा. त्या रांगांबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र घरात पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली टांगलेलं आहे. रोज सकाळी वंदना करताना डोळे मिटायची त्यांना जी सवय लागली, तिला घरातले लोक श्रद्धा म्हणतात.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या बरडीवर अशाच काड्या होत्या. असाच मे. झाडाच्या सावलीला रेंजर उभा, हातात पाण्याची बाटली, त्याला दुपारच्या आत खामगाव गाठायचं होतं. भोवती आठ-दहा मजूर. आणि मांडीवर रजिस्टर घेऊन मी, पुंजाजी, खात्यातला मान्यताप्राप्त विनोदी माणूस. गोजरबाई पुढे आली. रोजंदारीवरची बाई, नावापुढे अंगठा, पण लहानपण त्याच बरडीवर शेळ्यांमागे गेलेलं.

"साहेब, हे मेलं नाई बरं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात वरून वाळते अन् पाण्यात बुडातून फुटते. लय वर्सं असंच करते हे. वर दिसत नाई, पण खाली मूळ वाढून राह्यलं त्याचं."

आणि माझ्या तोंडातून ते आलं. शोधावं लागलं नाही, विचारही करावा लागला नाही.

"मंग रजिस्टरात काय लिहू गोजरबाई? मयत झोपेत आहे?"

काय हसले लोक! रेंजरच्या नाकात पाणी गेलं. ते वाक्य महिन्याभरात मलकापूरपर्यंत पोचलं, बदलून गेलेल्या माणसांबरोबर आणखी कुठे कुठे गेलं, निवृत्तीच्या निरोपसमारंभात दोन वक्त्यांनी ते सांगितलं आणि तिसऱ्यानं, भाषणात तेवढंच असल्यामुळे, पुन्हा सांगितलं. हशा पिकला की चौकशी संपते, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं की नंतर... गोजरबाईही हसली होती. तोंडाला पदर लावून, इतरांपेक्षा जरा उशिरा. मग तिनं तो विषय काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे आठवडी बाजारात भेटायची तेव्हाही नाही. तिथं ती फक्त विचारायची, "साहेब, बरे हा ना?"

मला माहीत नव्हतं. नियम होता, साल तपकिरी होती, बाई निरक्षर होती, साहेब घाईत होते — ह्या चार खांबांवर पुंजाजींनी एकोणीस वर्षं सावली धरली होती, आणि सावली वाईट नव्हती, झोप लागायची.

"बाबा," मंजुश्री म्हणाली, "हे ओढून पाह्यलं मी. निघून नाही राह्यलं."

तिनं काडी बुडाशी धरली होती, दोन बोटांनी, आणि चेहरा आश्चर्याचा.

"मेलेलं तर सहज यायला पाहिजे ना हातात? खणून पाहू का एखादं?"

"खणून कळन. पण मंग तेच मरन."

"मग ह्याला काय लिहू?"

वाक्य तयार होतं. तोंडातच होतं, जिभेला टेकून — खडकात ठोकलेला खिळा तरी कुठं निघते, तो काय जिवंत असते? चांगलं वाक्य होतं. ती हसली असती, दुसऱ्या गोलावर अंगठा टेकवला असता, बारा वाजायच्या आत दोघं घरी भाकरी खायला बसले असते.

पण ते ओढणं... त्या दुपारी रेंजरची जीप उताराला लागली, मजूर ओढ्यावर पाणी प्यायला गेले, आणि पुंजाजी एकटे मागे राहिले. त्यांनी वाकून एक काडी ओढली होती. आली नाही. दुसरी ओढली. तीही आली नाही. जमिनीखालून कुणीतरी बोट घट्ट धरल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी हात झटकन सोडला, पँटला पुसला, सरळ बसून उरलेला रकाना 'मृ' ह्या एका अक्षरानं भरत नेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही — मी तिथून निघताना ते तिथेच टाकून आलो होतो.

"मंजू, खालच्या बरडीवर हेच होतं," ते म्हणाले. आवाज त्यांना परका वाटला, जरा बारीक. "अंजनच. गोजरबाई सांगत होती जिवंत हाये म्हणून. मी मेलं लिहिलं, अन् ते उकरून हे गिरिपुष्प लावलं."

"कोणती गोजरबाई?" असं म्हणता म्हणता ती थांबली. "त्या झोपलेल्या मयताची? तो जोक?"

लहानपणी तो तिला पाठ होता. पाहुणे आले की ती तो करून दाखवायची, गोजरबाईचा आवाज काढून.

"तोच."

तिनं ओढ्यापलीकडे पाहिलं. गिरिपुष्पाची एक रांग, मग दुसरी, जणू पहिल्यांदाच मोजत होती.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

चारही खांब जागेवर होते. एकालाही धक्का लागलेला नव्हता, हात टेकला असता तर आधार मिळाला असता.

"हाव," ते म्हणाले.

हे कितपत खरं होतं ते त्यांना त्या क्षणीही सांगता आलं नसतं. माहीत असणं आणि माहीत करून न घेणं, ह्यांच्यामध्ये त्यांनी एकोणीस वर्षं घर बांधून काढली होती. आता एका शब्दात ते अलीकडे आले होते, आणि इकडे सावली नव्हती.

मंजुश्री रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. तिनं मोबाइल खिशात घातला — गोल भरला की नाही, त्यांना दिसलं नाही — आणि पुढच्या काडीशी जाऊन बसली. हात बुडाशी नेला, पण ओढलं नाही. नुसता ठेवून राहिली.

तिची पाठ त्यांच्याकडे होती. अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. अशी शांतता मोडण्यासाठीच तर लोक त्यांना लग्नाकार्यात बोलावून घेत. पुंजाजी उन्हात बसून राहिले. काही सुचत नव्हतं. सुचू नये, असंच त्यांना वाटत होतं.