रेघ गाठताना

मित्रांनो, मी सलाइन टांगायचा जुना स्टँड. मला पाच चाकं. चार सरळ चालतात, पाचवं आपल्या मर्जीचं मालक. कारखान्यातून आलो तेव्हा इतका चकचकीत होतो, की डॉक्टर माझ्यात बघून भांग पाडत. एका पैलवानाने तर मला बगलेत मारून वॉर्डाला शंभर फेऱ्या घातल्या. फरशी तेव्हापासून झिजली. खोटं नाही, पाच-पन्नास फेऱ्या इकडेतिकडे असतील.

हे सांगताना मजा वाटायला हवी. वाटत नाही. त्या दुपारपासून काहीच वाटत नाही.

सहा नंबरच्या खाटेवर एक गवंडी आजोबा होते. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टरांनी सलाइन अगदी हळू सोडायला सांगितलं होतं. आमच्याकडे बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून तासांच्या रेघा मारतात. ज्या त्या वेळी पाणी ज्या त्या रेघेवर हवं.

"आजोबा, कोपर वाकवू नका. थेंब अडतात," सिस्टर दहादा म्हणाली.

"अगं बये, मग माझं नाक तू खाजवणार का?"

उशाशी बसलेली लेक हसली. मीही हसलो असेन.

कोपर वाकत राहिलं. दोनला पाळी बदलायची, आणि दीडला पाणी तीन रेघा मागे. पुढच्या पाळीची थोरली सिस्टर आधी पट्टी बघे. "काय गं, बाटलीला अंगाई म्हटलीस का?" हा टोमणा ठरलेला. तो चुकवायला सिस्टरने नळीवरची चकरी फिरवली. थेंबांची धार झाली. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली, ती धावली, आणि तिकडेच अडकली. पाण्याने रेघ गाठली, ओलांडली, बाटली रिकामी झाली. मी बघत होतो. माझ्याच डोक्यावर टांगलेली होती ती.

आजोबा खोकू लागले.

"बाबा, जरा आडवे व्हा."

"नको... बसव मला. बसव गं."

थोरली सिस्टर आली. तिने नळी बंद केली, आजोबांना टेकवून बसवलं, डॉक्टरांना बोलावलं.

"किती गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळी बाटली," परतलेली सिस्टर म्हणाली. "मीच वाढवली होती. रेघ गाठायला."

त्या दिवशी थोरलीने टोमणा मारला नाही. इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन झाला. चारच्या सुमारास आजोबा गेले.

"पाण्याने?" लेकीने विचारलं. "नुसत्या पाण्याने?"

"हो, ताई," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसात साचलं. त्यांच्या हृदयाला एवढं उपसवलं नाही."

मला पुसून सात नंबरकडे ढकललं. मी गेलो. लोखंडाला सांगतील तिकडे जावं लागतं.

मित्रांनो, पाणी मागे पडलं तर 'मागे पडलं' असं सरळ म्हणा. डॉक्टरांना विचारा. चकरीला घाई शिकवू नका. आणि मागे पडल्याचं सांगणाऱ्याला टोमणाही मारू नका. बाटली उशिरा संपली तर लटकेल माझ्यावर दिवसभर. मला तिचं ओझं होत नाही.