पौषाचं पान

त्रेपन्नच्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या सुमतीच्या घरात जो कोणी पाऊल टाकी, तो आधी नाकाला पदर नाहीतर रुमाल लावी आणि मग विचारी, "काय मेलंय गं?" मेलं काहीच नव्हतं. मोरीशेजारच्या पसरट मातीच्या भांड्यात पिंपळाची पानं कुजत होती आणि ती मुद्दाम कुजत घातली होती.

सुमतीची धाकटी बहीण सरोज हिचं लग्न कल्याणच्या गुरुदत्तशी ठरलं होतं, मार्गशीर्षातलं. रुखवतात लाडू-चकल्यांच्या ढिगाशेजारी असं काही मांडायचं, की वरपक्षाच्या बायकांची तोंडं दोन क्षण तरी बंद राहतील, असं सुमतीनं मनाशी घेतलं होतं. चैत्र ते फाल्गुन, बारा महिन्यांच्या सणांची बारा कार्डं. खाली लोकर थापून केलेला जाड मऊ तुकडा, वर पिंपळाचं जाळीचं पान.

शेजारचा गुणाजी ठाण्याच्या लोकरीच्या गिरणीत होता. मुकादमाला विचारून तो टाकाऊ पुंजके पिशवी भरून आणून देई. सुमती ते पिंजून चटईवर आडवे-उभे पसरी, वर रिठ्याचं कढत पाणी शिंपडी आणि ओल्या फडक्यावरून लाटणं फिरवत बसे. तासाभरात लोकरीचे धागे एकमेकांना असे घट्ट धरीत की ओढले तरी सुटत नसत.

पानं मात्र झाडावरून तोडायची नाहीत, ही आईची शिस्त. वाऱ्यानं पडलेलं, पण अजून हिरवं असलेलं पान हवं. त्यासाठी दोघी बहिणी सकाळी सकाळी मानपाड्याच्या वाटेवरच्या पिंपळाखाली फिरत. महिनाभर पाण्यात राहिलं की पानाचा गर सुटतो. मग ताटभर पाण्यात ते धरून मऊ ब्रशानं हळूहळू घासायचं, शिरा तुटू द्यायच्या नाहीत. ब्रश वडिलांचा, अण्णांचा, दाढीचा. आपला ब्रश कुठे गेला हे अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही.

घासून झालेलं ओलं पान सरोज डोळ्याशी धरी आणि खिडकीतून बघत बसे. जाळीतून समोरची कौलं, वाळत घातलेली लुगडी, रमतगमत निघालेली म्हैस, सगळं कुठल्यातरी पाण्याखाली असल्यासारखं सावकाश दिसे. दुपार सरता सरत नसे. सुमती हाक मारी तीही तिला लांबून आल्यासारखी वाटे.

"ताई, यातून बघितलं ना, की आपण कुठे जाणारच नाहीये असं वाटतं," ती एकदा म्हणाली.

"जाणार आहेस. ब्रश दे इकडे," सुमती म्हणाली. तिचा आवाज उगीचच कडक झाला.

ही पानांची विद्या आईची. आई गेली तेव्हा सरोज आठ वर्षांची होती, सुमती सतरा. त्या दिवसापासून चूल सुमतीकडे आली आणि स्वतःच्या लग्नाचं बघायला तिला सवडच झाली नाही. तिची तक्रार नव्हती. पण गेल्याच वर्षी सरोज सहज बोलून गेली होती, "ताई, मला आईचा चेहरा आता नीट आठवत नाही गं." ते वाक्य सुमतीच्या मनातून जात नव्हतं.

अकरा कार्डं झाली. राहिलं एक, पौषाचं, संक्रांतीचं. त्याची पानं भांड्यात मुरत होती. लग्नाला वीस दिवस उरले तेव्हा अण्णांनी लग्नघर झाडायला घेतलं. मोरीशी त्यांना भांडं दिसलं. पिंपळाची पानं, काळं पाणी, वास. त्यांच्या डोक्यात एकच शब्द आला: निर्माल्य. भांडं उचलून ते अनवाणी खाडीवर गेले, हात जोडून पानं-पाणी विसर्जन करून रिकामं भांडं घेऊन आले आणि वर म्हणाले, "किती दिवसांचं साचवलं होतंत गं! देवाच्या वस्तूची अशी हेळसांड बरी नव्हे."

सरोज हसून हसून लोळली. सुमती मोरीत जाऊन रडली. थंडीत पानाला पाच आठवडे लागतात, ते आता कुठून आणायचे?

घरात जाळीचं पान आणखी एकच होतं. आईच्या पोथीत, तिनंच केलेलं, शेवटचं. देठाला तिनं बांधलेला लाल दोरा तसाच होता. आईच्या हातचं म्हणावं असं सुमतीकडे दुसरं काही नव्हतं. रुखवत एकदा सासरी गेलं की गेलं, परत येत नाही. दिलं तर आपल्याकडे काय राहणार? आणि जिला चेहराही आठवत नाही, तिला देऊन काय कळणार? चार दिवस ती पोथी उघडत राहिली, मिटत राहिली. पाचव्या दिवशी तिनं दोरा सोडला, पान लोकरीवर ठेवलं आणि देठाशी रेशमाचा एक टाका घातला. कोणाला काही सांगितलं नाही.

"विचारलंच कोणी, तर 'सगळं मीच केलं' असं तू म्हणायचं," तिनं सरोजला बजावलं. "रीतच आहे ती."

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. गुरुदत्तची प्रमोदिनीआत्या एकेक कार्ड उचलून बघू लागली. तिनं नवरीला बोलावून घेतलं.

"सगळी तूच केलीस?"

सरोजनं मान हलवायला सुरुवात केली आणि तिची नजर पौषाच्या कार्डावर गेली. ते तिनं हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, देठावरून बोट फिरवलं.

"नाही आत्या. अकरा माझ्या ताईनं केलीत," ती म्हणाली. "हे आमच्या आईचं आहे. ताई पानं वहीत दाबते. आई देठाला लाल दोरा बांधून वाळत घालायची. हा बघा, गाठीचा वळ."

बायका गप्प झाल्या. आत्यानं ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. "मग हे लाडवांशेजारी नको गं," ती म्हणाली आणि तिनं ते देवकापाशी नेऊन ठेवलं.

सुमती खांबाला धरून उभी होती. चेहरा विसरलेल्या पोरीला आईची गाठ आठवत होती. सुमतीला चारचौघांत रडू फुटलं.

वऱ्हाड कल्याणला गेलं, कार्डंही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमती मोरीशी आली तर भांड्यावर ताट झाकलेलं. तिनं ते उचललं. स्वच्छ पाण्यात पाच हिरवी पानं होती, प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा. दोऱ्यांना हळदीची बोटं लागली होती. हळद लागलेली मुलगी घराबाहेर पडत नाही, मग पानं कोणाकडून आणवली होती देव जाणे. भांड्याखाली सरोजच्या अक्षरात चिठ्ठी होती:

"हे निर्माल्य नव्हे. अण्णांनी हात लावू नये. संक्रांतीच्या सणाला येईन तेव्हा मी घासणार. तू नाही."

सुमतीनं दिवस मोजले. पाच आठवडे बरोब्बर होत होते. तिनं भांडं उन्हातून सावलीत सरकवलं, वाकून पाण्याचा वास घेतला. अजून काहीच येत नव्हता.