कुसाबाईचा उकिरडा

"घरातून रोज किती कचरा निघतो?" विस्तार अधिकाऱ्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"निघत नाय, सायेब," कुसाबाई म्हणाली. "खरकटं म्हशीला, राख भांड्याला, शेण उकिरड्याला. मागं राह्यलं काय?"

फॉर्म जिल्ह्याहून आला होता आणि त्यात शून्य चालत नव्हतं. दिंडोरी तालुक्यासाठी कचऱ्याची योजना आखायची, तर आधी कचरा हवा. साहेबांनी दीड किलो लिहिलं आणि घरामागचा उकिरडा 'सार्वजनिक उपद्रव' या रकान्यात टाकला. पाठोपाठ एकोणऐंशीच्या वैशाखात नोटीस आली: उकिरडा आठ दिवसांत गावाबाहेर हलवावा. गावाबाहेर योजनेचा सामाईक खड्डा तयार होता.

नवरा गेल्यापासून कुसाबाईकडे दोन बिघे रान, एक म्हैस आणि हा उकिरडा उरला होता. रानात भुईमूग धरायचा तो वर्षभराच्या या खतावर. सामाईक खड्ड्यात गेलेलं खत कोणाचं, असं तिने ग्रामसेवक कारभारींना विचारलं. योजनेचं, असं ते म्हणाले. योजनेला रान किती, असंही तिने विचारलं. त्यावर कारभारी चहाला गेले.

नवव्या दिवशी साहेब कारभारींसोबत ट्रॅक्टर आणि चार मजूर घेऊन आले, तेव्हा कुसाबाई उकिरड्यावर बसून भाकर खात होती. दुसऱ्याच्या उकिरड्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या कणगीत हात घालणं. चारही मजूर फावडी टेकवून आभाळ न्याहाळू लागले.

कारभारींनी तिला उठायची विनंती केली.

"उठते की. मी कुठं नाय म्हनते?"

तिने हात धुतले, पहिली टोपली स्वतः भरून ट्रॉलीत ओतली. मग मजुरांना काही सांगावं लागलं नाही. ट्रॉली भरली तशी ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसली.

"चल मल्हारी, माझ्या रानाकडं."

ड्रायव्हर मल्हारीने साहेबांकडे पाहिलं.

"कागदात गावाबाहेर म्हनलंय," कुसाबाई म्हणाली. "माझं रान काय गावात हाय?"

साहेबांनी नोटीस दोनदा वाचली. मग घड्याळ वाचलं.

तीन खेपा झाल्या. अहवालात 'उपद्रव दूर झाला' अशी नोंद झाली. घरामागे उकिरड्याच्या रिकाम्या झालेल्या खड्ड्याच्या काठावर फलक ठोकून साहेबांची जीप गेली: येथे कचरा टाकू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीखालचं शेण काढून कुसाबाई फलकासमोर येऊन उभी राहिली. अक्षराला अक्षर लावत तिने तो सावकाश वाचला. मान डोलावली. डोक्यावरची टोपली खड्ड्यात ओतली आणि फलक थोडा कलला होता, तो सरळ केला.